पांढऱ्या केसांचा अधिकार

गेल्या श्रावणांतील गोष्ट. शनिवारीं सुपारी मारुतीचें दर्शन घेऊन मी गुलमंडीवरून घराकडे परतत होतों. आमच्या गल्लींतील एका परिचित घराच्या दारांत त्या घरची नात उभी होती. पहिल्या बाळंतपणाकरितां माहेरीं आलेली, खांद्याशीं चार महिन्यांचें मूल. तिचे वडील माझे विद्यार्थी. तिनें मला ओट्यावर बसविलें, पाणी दिलें, वांकून नमस्कार केला, आणि मग अगदीं शांतपणें विचारलें, "गुरुजी, तुम्ही वैद्य आहांत कीं डॉक्टर?"

प्रश्न विनोदाचा असेल असें वाटून मी हंसलों. ती हंसली नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं याच सदरांत मीं जातकर्म संस्कारावर लिहिलें होतें. मूल जन्मतांच त्यास सुवर्णानें मध व तूप चाटविण्याचा जो विधि गृह्यसूत्रांत सांगितला आहे, त्याचें वर्णन मीं यथामति केलें. तेथेंच थांबलों असतों तर बरें होतें. पण लेखणी हातीं असली म्हणजे उपदेशाचा मोह सुटत नाहीं. हल्लींच्या मातांनीं हा आचार टाकला हें ठीक नव्हे, बाळास पहिल्या महिन्यापासून रोज बोटभर मध चाटवावा, त्यानें वाणी शुद्ध व बुद्धि तीक्ष्ण होते, असें शेवटच्या परिच्छेदांत मीं ठांसून लिहिलें. त्या घरच्या आजींनीं तें पान कापून कपाटाच्या दाराला आंतून चिकटविलें होतें. पणतवंड झालें तेव्हां त्या पानाप्रमाणें रोज सकाळीं मध सुरू झाला. नातीनें एकदोनदां हरकत घेतली, तेव्हां आजींनीं कपाट उघडून छापील पुरावा दाखविला.

तिसऱ्या महिन्यांत बाळास चार दिवस शौचास झालें नाहीं. दूध ओढणें मंदावलें, रडण्याचा आवाज क्षीण झाला. बालरोगतज्ज्ञांकडे नेलें. त्यांनीं बाळाची मान, पापण्या, हातपाय पाहिले आणि पहिला प्रश्न केला, "मध देतां का?" देतों म्हटल्यावर दुसरा, "कोणीं सांगितलें?" आजींनीं पिशवींतून तें पान काढून पुढें ठेविलें, तें त्यांनीं मुद्दाम बरोबर नेलें होतें. डॉक्टरांनीं तें शेवटपर्यंत वाचलें, खालच्या माझ्या नांवावर बोट ठेवलें आणि विचारलें, "हे कोण?" घरांतलीं चार वडीलधारीं माणसें तेथें होतीं, कोणापाशींहि उत्तर नव्हतें. अखेर आजी म्हणाल्या, "त्यांना संस्कृत फार चांगलें येतें."

बाळास दोन रात्री देखरेखीखालीं ठेविलें. डॉक्टरांना जी शंका आली होती ती सुदैवानें खोटी ठरली. दुखणें निराळें व साधें निघालें, आणि तिसऱ्या दिवशीं बाळ घरीं आलें. त्या दोन रात्री त्या मुलीनें कशा काढल्या तें तिनें मला सांगितलें नाहीं, आणि विचारण्याचें धैर्य मला झालें नाहीं.

आधीं त्या शंकेविषयीं लिहितों, कारण माझें जुनें पान आणखी कोणाच्या कपाटांत असेल. मधांत क्वचित् एका जंतूचीं बीजें असतात. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम असें त्या जंतूचें नांव. मोठ्या माणसाच्या आंतड्यांत तीं सहसा रुजत नाहींत, म्हणून आपण आयुष्यभर मध खातों व आपणांस कांहीं होत नाहीं. परंतु वर्षाच्या आंतील बाळाच्या आंतड्यांत तीं रुजूं शकतात. तेथें विष तयार होतें आणि स्नायू लुळे पडूं लागतात. आरंभ बहुधा बद्धकोष्ठानें होतो. मग चोखणें मंद, रडणें दुबळें, पापण्या जड, मान सैल, आणि कधीं कधीं श्वासापर्यंत मजल जाते. साध्या उकळण्यानें हीं बीजें मरत नाहींत. मध डोंगरांतला कीं बाजारांतला, निर्भेळ कीं भेसळीचा, यानें कांहीं फरक पडत नाहीं. हा रोग स्वतंत्र म्हणून ओळखला गेला तो १९७६ सालीं, अमेरिकेंत. रोग विरळा आहे. तथापि बाळास वर्ष पुरें होईपर्यंत मधाचें बोटहि नको, यावर आज बालरोगतज्ज्ञांचें एकमत आहे. पहिले सहा महिने तर आईच्या दुधावांचून दुसरें कांहींच नको, पाणीसुद्धां नको, असें ते सांगतात. माझा तो परिच्छेद मी येथें मागें घेतों.

आतां त्या मुलीच्या प्रश्नाचें उत्तर. मी वैद्य नाहीं, डॉक्टर नाहीं. मॅट्रिक झालों, पुढें एका शास्त्रीबोवांपाशीं व्याकरण व काव्य शिकलों, आणि उभा जन्म शाळेंत संस्कृत व मराठी शिकविण्यांत घालविला. शरीरशास्त्राचें माझें ज्ञान शाळेच्या क्रमिक पुस्तकापलीकडे नाहीं. मग माझा लेख आजींनीं कपाटाला कां लावावा? कारण मासिकांत छापून आला, त्यांत संस्कृत होतें, आणि लिहिणाऱ्याचे केस पांढरे आहेत हें त्यांनीं गुलमंडीवर रोज पाहिलें होतें.

पांढऱ्या केसांवरून एक कथा आठवली, आणि ती बालवैद्यकाच्याच ग्रंथांतली आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांत कौमारभृत्य म्हणजे बालकांचें वैद्यक हें एक अंग. त्याचा मुख्य ग्रंथ काश्यपसंहिता. तो फार काळ लुप्तप्राय होता. नेपाळांत सांपडलेल्या खंडित पोथीवरून राजगुरु पंडित हेमराज शर्मा यांनीं विस्तृत उपोद्घात लिहून तो उजेडांत आणला, आणि १९३८ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांतून तो बाहेर पडला. त्यांत अशी कथा आहे कीं, काश्यपांनीं सांगितलेलें हें शास्त्र ऋचीकाचा पुत्र जीवक यानें ग्रहण करून संक्षेपानें मांडलें. जीवक अवघा पांच वर्षांचा. ऋषींनीं तें पोराचें बोलणें म्हणून बाजूस सारलें. तेव्हां जीवकानें सर्वांच्या देखत कनखल येथें गंगेंत बुडी मारली आणि क्षणांत वर आला तो अंगावर सुरकुत्या व डोक्यावर पांढरे केस घेऊन. ऋषि विस्मित झाले, त्याला वृद्धजीवक हें नांव दिलें आणि त्याचा ग्रंथ मान्य केला. ग्रंथांतलें एक अक्षरहि बदललें नव्हतें. बदलले ते फक्त केस.

विद्यार्थ्यांना ही कथा मीं अनेकदां सांगितली असेल, आणि दर वेळीं ती वृद्धांच्या गौरवाची म्हणून सांगितली. आतां तिच्यांत ऋषींची थट्टा आहे कीं काय असा संशय येतो. शिवाय ज्या लेहाचा, म्हणजे चाटणाचा, मीं सरसकट उपदेश केला, त्याच्याच अध्यायांत काश्यपांनीं कोणत्या बाळास लेह द्यावा आणि कोणास देऊं नये हें वेगवेगळें सांगितलें आहे. मीं पहिला भाग उतरून घेतला, दुसरा सोडला. ग्रंथकार सावध होता, बेसावध मी.

केस पाहून ठरवावयाचें नाहीं तर मग काय पाहून? सोपें उत्तर, पदवी. पण पदवीचीं अक्षरें तरी आपण कोठें वाचतों? दवाखान्यांत प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेलें असतें. आपण त्याच्या शेजारचें गणपतीचें चित्र पाहतों आणि आपला क्रमांक केव्हां येईल याची वाट पाहतों. एम्.बी.बी.एस्. म्हणजे साडेचार वर्षांचा अभ्यास व एक वर्ष रुग्णालयांत प्रत्यक्ष काम. त्यांत सर्व वयांचे व सर्व तऱ्हांचे रोगी आले. त्यावर बालरोग विषय घेऊन तीन वर्षें मुलांच्या कक्षांत राबला म्हणजे तो बालरोगांतला एम्.डी.; दोन वर्षांची पदविका घेतली तर डी.सी.एच्. नवजात अर्भकांचाच विशेष अभ्यास करणाऱ्यांस त्यापुढें आणखी तीन वर्षें लागतात. आयुर्वेदांतहि बी.ए.एम्.एस्. ला तितकींच साडेचार व एक वर्षें, आणि नंतर कौमारभृत्य घेऊन तीन वर्षांची एम्.डी. म्हणजे एकाच रस्त्यावर तीन पाट्यांवर एम्.डी. लिहिलेलें असूं शकतें. एकानें आधुनिक रुग्णालयांतील मुलें पाहिलेलीं, दुसऱ्यानें कौमारभृत्य अभ्यासलेलें, आणि तिसऱ्याचा विषय त्वचारोग किंवा औषधिशास्त्र. तिघेहि सज्जन व विद्वान् असतील, पण "कोणत्या विषयांत एम्.डी.?" असें विचारणें हा उर्मटपणा नव्हे. आधुनिक वैद्यकाच्या व्यावसायिकाची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे व आयुर्वेदाच्याची महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेकडे असावी लागते, आणि प्रत्येकाला नोंदणीक्रमांक असतो. मुलीचें स्थळ पाहतांना आपण सात पिढ्या चौकशी करितों, आणि नातवाच्या औषधाला पाटीवरचीं दोन अक्षरें पुरेशीं होतात, हें मला आतां विचित्र वाटूं लागलें आहे.

जुन्या पिढीस मी दोष देत नाहीं. मुलांचा असा वेगळा डॉक्टर त्यांनीं पाहिलाच नव्हता. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. जॉर्ज कोएल्हो यांनीं मुलांचा स्वतंत्र विभाग सुरू केला तो १९२८ सालीं. परळचें बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय निघालें तें १९२९ सालीं. कलकत्त्यास डॉ. के. सी. चौधरी यांनीं बालरोगांचें नियतकालिक काढलें १९३३ त, आणि देशांतील बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटना एक होऊन आजची अकादमी झाली ती तर १९६३ त. आमच्या गांवीं, आतां ज्यास छत्रपति संभाजीनगर म्हणतात तेथें, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ सालीं निघालें. त्याच्या रुग्णालयास सारा मराठवाडा 'घाटी' या एकाच नांवानें ओळखतो. त्यापूर्वीं बाळ आजारी पडलें कीं वैद्यबोवा, सुईण, आजी आणि दृष्ट काढण्याचें मीठमोहरी, एवढाच परिवार. घरोघरीं वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे यांचा 'आर्यभिषक्' असे. पदेशास्त्री स्वतः वैद्य होते, १९०७ सालीं नाशिकास आयुर्वेद महासंमेलन भरविणारे होते. त्यांच्या शब्दास आधार होता.

त्या काळांत मूल गमावणें म्हणजे काय असे हें एका नांवावरून कळतें. आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असतांना त्यांचा मुलगा जन्मला व दहा दिवसांत गेला. त्या दुःखांतून डॉक्टर होण्याचा निश्चय झाला, आणि १८८६ च्या मार्चांत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची एम्.डी. त्यांनीं घेतली. प्रबंधाचा विषय, आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. संस्कृत ग्रंथ त्यांनींहि आधाराला घेतले होते. पण शेजारीं शवविच्छेदनाचें मेज होतें आणि परीक्षा घेणारे गुरु होते. माझ्या शेजारीं फक्त शब्दकोश होता. पुढच्या फेब्रुवारींत, बाविसावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, त्या निवर्तल्या. एकाहि भारतीय बाळाला त्यांचा इलाज लाभण्याइतका अवधि मिळाला नाहीं, हें आठवलें कीं आजहि मन खिन्न होतें.

असो. पदवी पाहिली म्हणजे काम झालें असेंहि नाहीं. न्यूझीलंडांत ट्रुबी किंग नांवाचे डॉक्टर होऊन गेले. १८८९ पासून ते एका वेड्यांच्या इस्पितळाचे अधीक्षक. तेथल्या शेतावर वासरांना दूध पाजण्याचे प्रयोग करून ते अर्भकांच्या आहाराकडे वळले, आणि १९०७ सालीं त्यांनीं मातांच्या साहाय्याकरितां प्लंकेट संस्था स्थापिली. घड्याळ पाहून चार चार तासांनीं पाजावें, रात्रीं पाजूं नये, उगाच उचलून घेऊं नये, हा त्यांचा कडक दंडक जगभर पसरला. स्वच्छता व आईचें दूध यांचा त्यांनीं केलेला पुरस्कार निःसंशय हितकर होता. पण घड्याळाचा नेम मात्र आज कोणी बालरोगतज्ज्ञ सांगत नाहीं, भूक लागेल तेव्हां पाजा असेंच सांगतात. वेड्यांच्या इस्पितळाची शिस्त पाळण्यांत शिरली कीं काय, असें मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

अमेरिकेचे डॉ. बेंजामिन स्पॉक हे तर खरे बालरोगतज्ज्ञ, शिवाय मनोविश्लेषण शिकलेले. १९४६ सालीं निघालेलें त्यांचें बालसंगोपनाचें पुस्तक कोट्यवधि घरांत गेलें. आईच्या शहाणपणावर विश्वास ठेवा असें म्हणणारा तो प्रेमळ गृहस्थ. पुढल्या आवृत्तींत त्यांनीं बाळास पालथें निजवावें असें लिहिलें. उताणें निजलेलें मूल ओकलें तर गुदमरेल अशी त्यांस भीति. तर्क ऐकावयास बिनतोड होता. कित्येक वर्षांनीं मोजदाद झाली तेव्हां दिसून आलें कीं, पालथ्या निजणाऱ्या अर्भकांतच झोपेंत अकस्मात् दगावण्याचें प्रमाण जास्त. १९९१ सालीं ब्रिटनमध्यें आणि १९९४ सालीं अमेरिकेंत बाळांना उताणें निजवा अशी मोहीम निघाली, आणि असे मृत्यु निम्म्यावर आले. पदवी, अनुभव, सद्भाव, तिन्ही असून चूक झाली. कारण त्या एका वाक्यापुरता तर्क होता, मोजणी नव्हती. शास्त्राचा अधिकारी तोच कीं, ज्याचें वाक्य उद्यां मोजून खोटें ठरवितां येतें आणि ठरलें तर पुसलें जातें. माझा मधाचा परिच्छेद कोणीं मोजला असता?

लबाडीचा प्रकार निराळा. १९९८ सालीं लंडनच्या अँड्र्यू वेकफील्ड यांनीं बारा मुलांवरील निबंध 'लॅन्सेट' मध्यें छापला, आणि गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा स्वमग्नतेशीं संबंध असावा अशी हवा उठविली. हे गृहस्थ बालरोगतज्ज्ञ नव्हते. शल्यवैद्य, आंतड्यांच्या रोगांवर संशोधन करणारे. लसउत्पादकांविरुद्ध दावा लढविणाऱ्या वकिलांचे पैसे त्यांनीं घेतले होते, ही गोष्ट निबंधांत लपविली होती. २०१० सालीं 'लॅन्सेट' नें निबंध मागें घेतला आणि त्याच वर्षीं त्यांचें नांव वैद्यकांच्या नोंदवहींतून काढण्यांत आलें. बारा वर्षें! तितक्या अवधींत ती भीति घरोघर पोंचली होती. आजहि आमच्या ओळखीच्या एका सुशिक्षित घरांत ती मूळ धरून आहे. गोवर कांहीं निबंध मागें घेतल्याची बातमी वाचून थांबत नाहीं.

पैशाची गोष्ट निघाली म्हणून सांगतों, डबा आणि खोकें हेहि आरोग्यलेखकच आहेत, आणि त्यांचे वाचक आपणांपेक्षां पुष्कळ अधिक. बाळाच्या दुधाच्या भुकटीची जाहिरात करण्यास आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानें बंदी आहे. २००३ सालीं तो अधिक कडक झाला आणि अशा उत्पादकांनीं डॉक्टरांच्या परिषदांना पैसा पुरविण्यासहि मनाई झाली. म्हणजे सल्ला देणाराला पैसा कोण देतो, हा प्रश्न सरकारनेंहि गैर मानलेला नाहीं. जुलाबावरील मीठसाखरेच्या पाण्याची कहाणी तशीच. १९७१ सालीं बंगालच्या सरहद्दीवर बनगांवच्या निर्वासितांच्या छावणींत पटकी पसरली, शिरेंतून द्यावयाचें सलाइन संपत आलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस या बालरोगतज्ज्ञानें मीठ, सोडा व ग्लुकोज यांचें पाणी पिंपांत भरून नातलगांकरवीं पाजविलें. मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ३० वरून शेंकडा ४ च्या खालीं आलें. तें ओ.आर.एस्. हें नांव पुढें साखरेनें गोड केलेल्या पेयांच्या खोक्यांवर झळकूं लागलें. जास्त साखरेनें जुलाब वाढतो. म्हणजे ज्या नांवावर विश्वासून आई तें पाजते त्याच नांवानें मूल अधिक सुकतें. हैद्राबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनीं याविरुद्ध वर्षानुवर्षें झगडा केला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें अन्नसुरक्षा प्राधिकरणानें असल्या पेयांवर तें नांव छापण्यास मनाई केली.

इतकें वाचून वाचकांस वाटेल कीं, गुरुजी आतां पदवीवांचून कोणास लिहूंच देणार नाहींत. तसें नव्हे. १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविणारे र. धों. कर्वे हे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांच्या मतांनीं आमच्या वडीलमंडळींच्या भिवया वर चढत, आणि कांहीं बाबतींत माझ्याहि चढतात. परंतु संततिनियमनावर लिहावयाचें म्हणून या माणसानें तो विषय पाश्चात्य वैद्यकीय ग्रंथांतून मुळापासून अभ्यासला, आणि खटले होऊनहि आपलें नांव व आपला धंदा लपविला नाहीं. कमलाबाई सोहोनी, माहेरच्या भागवत, यांनीं 'आहारगाथा' लिहिली; त्या डॉक्टर त्या अर्थानें नव्हत्या, जीवरसायनशास्त्राच्या केंब्रिजच्या पीएच्.डी. होत्या, १९३९ च्या. नीरेंतील पोषक द्रव्यांवर त्यांनीं प्रयोगशाळेंत काम केलें तें कुपोषित मुलांच्या उपयोगाचें. आहाराविषयीं त्यांनीं लिहिलें तर तें त्यांचें स्वतःचें क्षेत्र होतें. रोगाच्या चिकित्सेवर त्यांनीं लेखणी चालविली नाहीं.

आणि पदवी मुळींच नसलेल्या बायकांनीं काय केलें, तेंहि सांगतों. या साऱ्या विषयांत मला सर्वांत अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट हीच आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ च्या सुमारास गडचिरोलींत 'सर्च' ही संस्था उभारली. दोघांचीं शिक्षणें नागपुरास, पुढें अमेरिकेंत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्याचें. अभयराव बालरोगतज्ज्ञ नव्हेत; मोठ्यांच्या वैद्यकाचे एम्.डी. पण बाळें दगावत होतीं खेड्यांत, झोंपडींत, जन्मल्यावर पहिल्या महिन्यांत, जेथें कोणताच तज्ज्ञ पोंचत नव्हता. त्यांनीं ३९ गांवांत त्या त्या गांवच्या थोडें शिकलेल्या बायका निवडल्या आणि त्यांना मोजक्या गोष्टी पक्क्या शिकविल्या: बाळाचें वजन करणें, ताप व थंडावा मोजणें, श्वास मोजणें, जन्मतः गुदमरलेल्या बाळास श्वास देणें, जंतुदोष ओळखून ठराविक मात्रेचें औषध देणें. मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास झाले म्हणजे नवजाताला धोका. अक्षरओळख नसलेल्या सुइणींकरितां तर मणी सरकवून श्वास मोजण्याचें साधन केलेलें होतें. सर्वांत महत्त्वाचें, प्रत्येक जन्म व प्रत्येक मृत्यु लिहून ठेवला आणि ज्या गांवांत हें काम नव्हतें त्यांच्याशीं ताडून पाहिला. १९९९ च्या डिसेंबरांत 'लॅन्सेट' मध्यें फळ प्रसिद्ध झालें: नवजातांचे मृत्यु शेंकडा ६२ नीं कमी. आज आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरीं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीं येते, ती २०११ पासूनची सरकारी योजना याच कामांतून निघाली. वाड्यांतल्या बायका तिला दारांतूनच 'सर्व ठीक आहे' म्हणून परत पाठवितात असें मीं पाहिलें आहे. तिच्यापाशीं पदवी नाहीं. पण तिला जेवढें येतें तेवढें मोजून शिकविलेलें आहे, आणि जें येत नाहीं तेथें पुढें पाठवावयाचें हेंहि शिकविलेलें आहे. माझ्यापाशीं यांतलें दुसरें नव्हतें, आणि मधाच्या बाबतींत पहिलेंहि नव्हतें.

आमच्याच मुलखाचे डॉ. हिंमतराव बावस्कर घ्या. जन्म देहेड येथील, जें गांव पूर्वीं औरंगाबाद जिल्ह्यांत होतें व १९८१ पासून जालना जिल्ह्यांत आहे. नागपुरास शिकले आणि सरकारी नोकरींत कोंकणांत बिरवाडीस गेले. लाल विंचू चावून मुलें पटापट मरत, आणि ग्रंथांत इलाज नव्हता. हे रोग्याच्या उशाशीं बसून नाडी, रक्तदाब, श्वास लिहीत राहिले. अखेर प्राझोसिन हें रक्तदाबावरचें औषध येथें उपयोगी पडतें असें त्यांनीं दाखवून दिलें, आणि शेंकडा चाळीसच्या घरांतलें मृत्यूंचें प्रमाण शेंकडा एकापर्यंत खालीं आलें. २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. पाटीवर त्यांच्याहि 'बालरोगतज्ज्ञ' नाहीं.

संपादकांस मीं पत्र लिहिलें आहे कीं, यापुढें या सदराखालीं माझ्या नांवापुढें 'निवृत्त संस्कृत शिक्षक; वैद्यकाचें शिक्षण नाहीं' एवढे शब्द छापावेत. संस्कार, सुभाषितें, व्याकरण यांवर मी लिहीत राहीनच. बाळाच्या पोटांत काय घालावें यावर लिहिणार नाहीं. संपादकांनीं होय म्हटलें आहे. मात्र पुढील अंकापासून आरोग्याचें पान कोणाकडे द्यावें याचा शोध चालू आहे, आणि त्यांनीं सुचविलेलीं दोन्ही नांवें मला अजून पटलेलीं नाहींत. एकानें बालरोगाची परीक्षा दिली आहे, पण प्रत्यक्ष मुलें तपासणें सोडून बरीच वर्षें झालीं. दुसरा सुंदर लिहितो आणि काय शिकला आहे हें कोणासच सांगत नाहीं.

त्या घरीं मी गेल्या आठवड्यांत पुन्हां गेलों होतों. बाळाला बसतां येऊं लागलें आहे. आजींनीं कपाट उघडून दाखविलें. माझें पान तेथेंच होतें. फक्त शेवटच्या परिच्छेदावर नातीनें निळ्या शाईनें आडवी रेघ मारून समासांत डॉक्टरांचें नांव व दूरध्वनीचा क्रमांक लिहिला होता. मला निरोप देतांना आजींनीं दारांत थांबवून हळूच विचारलें, "गुरुजी, वर्ष पुरें झाल्यावर मग किती द्यावा हो मध? एक बोट कीं दोन?"

मीं त्यांना समासांतला क्रमांक दाखविला.